पाखऱ्याला ताप यावा म्हनून

मला कुनी शानपन शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. आजचं न्हाई ते, लहानपनापासनंच हाय. माझी आई म्हनायची, "अंजे, देवानं तुला तोंड दिलं, पन कान द्यायचं त्येच्या ध्यानातनं राहून गेलं." आता सोताची आई म्हनती म्हटल्यावर खोटं कसं म्हनू? ह्या कानांपायी एकदा माझा बैल मरत हुता. आनि नुसता माझा न्हाई, निम्म्या आळीची जनावरं.

ती लढाईची सालं. आमचं मालक पलटनीत हुतं, समुद्राच्या पल्याड. हंबीरराव त्येंचं नाव. तवा घेत नव्हते, आता बिनधास्त घेते, आता कोन काय करतंय मला! तर हे हंबीरराव रजा संपवून निघालं तवा मी दारात उभी. वाटलं, मानूस एवढ्या लांब जातंय, काय तरी दोन शब्द बोलंल. तर म्हनालं, "पाखऱ्याला जप." झालं. एवढं म्हनालं आनि रहिमतपूरच्या ठेसनाची वाट धरली.

पाखऱ्या म्हंजी आमचा खिलारी बैल. घरच्याच गाईचा. त्येला दोन महिन्यांचा टाकून गाय मेली, मालकांनी दुधात बोटं बुडवून त्येला चोखवून मोठा केला. हाक मारली की मान वळवून बघायचा, मानसावानी. त्येच्या जोडीचा बाज्या बाजारातनं आनलेला. त्यो म्हंजी जातिवंत चोर. शेजारचा कडबा ओढायचा, मी वैरन टाकाय गेले की शिंग हालवायचा. त्येचं आनि माझं एक दिवस जमलं न्हाई. पन पेरनीला जोडी लागती, एका बैलानं पाभर चालत न्हाई. आमचं काळं रान सारं शाळवाचं, आनि शाळू पेरला तर वरीसभर घरात भाकरी.

त्या साली सरावनाच्या अखेरीला बुळकांडी आली. आमच्या गावात न्हाई, नदीपल्याडच्या गावात. जनावराच्या डोळ्यांतनं पानी, तोंडात फोड, मागनं बुळूक बुळूक जुलाब, आनि चार-सा दिवसांत खलास. गावंच्या गावं रिकामी करनारा रोग. लालासाहेब पाटलांनी साताऱ्याला मानूस धाडला आनि तितनं जनावरांचं डाक्टर आलं. धन्यकुमार त्येंचं नाव. सांगलीकडचं जैन. पंचविशीचं पोरगं, चष्मा, खाकी अर्धी चड्डी, आनि बोलनं असं मऊ की बैलालाबी 'अहो' म्हनंल.

देवळाम्होरच्या पटांगनात सगळी जनावरं बांधली. डाक्टर ओट्यावर उभं राहिलं आनि म्हनालं, "प्रत्येक जनावराला दोन सुया द्यायच्या आहेत. सकाळी डाव्या बाजूला मानेत पहिली. बुळकांडीतून बचावलेल्या बैलाच्या रक्ताचं हे पाणी आहे, ते रोगाला अडवतं. आणि दुपारी उजव्या बाजूला दुसरी. त्या सुईत खुद्द बुळकांडीच आहे, शेळीच्या रक्तात वाढवलेली."

अगं बाई! सगळं पटांगन एकदम दोन पावलं मागं सरकलं. खुद्द बुळकांडी! पानी पाजाय आलेल्या मानसानं विहिरीत ढकलावं तसं झालं ते. डाक्टर पुढं लय सांगत हुतं, दोन्ही का, कशासाठी, एक घेतली आनि एक न्हाई तर काय हुतंय. पन ते माझ्या कानावर पडलंच न्हाई. माझ्या डोक्यात एकच घुमत हुतं. एक सुई आवशिदाची, दुसरी रोगाची. मंग ज्येला डोकं हाय त्येनं काय करावं? आवशिदाची घ्यावी आनि रोगाची टाळावी. एवढं साधं ह्या शिकलेल्या मानसाला कळू नये!

सकाळची सुई झाली. सुई झालेल्या जनावराच्या डाव्या मानेवर कोतवाल आकाराम कावेचा तांबडा पट्टा वडायचा. दुपारच्या सुईनंतर उजव्या मानेवर निळा पट्टा मारनार हुता, निळीचा, आपन धुन्याला घालतो ती नीळ. दोन पट्टं दिसलं की जनावर सोडायचं, असा नेम.

मधल्या वक्ताला जनावरं पान्यावर न्यायला सोडली. मी दोनी बैल घिऊन घरी आले. पाखऱ्या गोठ्यात बांधला. वाटीत नीळ कालवली आनि त्येच्या उजव्या मानेवर चांगला झोकात पट्टा वडला. आकारामपेक्षा सरळ. बाज्यालाबी वडनार हुते, पन त्येनं मान झटकली आनि माझ्या लुगड्यावर नीळ सांडली. म्हटलं, "जा मर, घे जा रोगाची सुई!" त्येला तसाच परत नेला. दुपारी बाज्यानं सुई खाल्ली, डाक्टरांच्या अंगावर शिंग उगारलं, आनि सोडल्याबरोबर घरी आला. मी दारात उभी राहून हसत हुते. लय खूश. वाटलं, पलटनीत मालकांना कळलं तर म्हनतील, बायको हाय का वकील!

त्याच दुपारी शेजारची रंगूबाई आली. "अंजना, वाटीभर नीळ दे गं. धुनं काढलंय." दिली. मागनं ज्ञानूची बायको आली, तिलाबी धुन्याला नीळ पायजे हुती. आनखी दोघी आल्या. मी म्हटलं, काय बाई आज आळीला सफाईचं येड लागलंय! दिली सगळ्यांना. माझं डोकं माझ्याच शानपनात गुंग, दुसऱ्याचं कशाला दिसतंय?

पाच-सा दिवसांनी बाज्या तापला. दोन दिवस नीट खाईना, डोळं मलूल. मी पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवून म्हनायची, "बघितलंस? तुला वाचवला म्या." आठवड्यात बाज्या परत कडबा चोराय लागला. डाक्टर जनावरं तपासून रजेवर सांगलीला गेलं, त्येंचा काय तरी सन हुता, पर्व का काय.

आनि मंग, सुया टोचून तीन आठवडं झालं नसतील, ज्ञानूची कालवड पडली.

डोळ्यांतनं पानी, तोंडात फोड. तिसऱ्या दिवशी मेली. पहिलारू व्हायची हुती, ज्ञानूच्या बायकोनं तिच्या गळ्यात घुंगूर बांधलेलं. आनि तिच्या मानेवर दोनी पट्टं, तांबडा आनि निळा, जीव गेल्यावरबी तसंच. सगळा गाव बघाय लोटला. "दोन सुया दिऊन बी मेली! डाक्टर लबाड हाय! पान्याच्या सुया मारल्या!" लालासाहेब पाटील लय तापलं. म्हनालं, चावडीत सभा घ्या, साताऱ्याला कलेक्टरसायबाला अर्ज करतो, ह्या पोराची नोकरीच घालवतो.

सगळी बोंबलत हुती. मी त्या कालवडीच्या निळ्या पट्ट्याकडं बघत हुते. लांबनंच कळलं मला. आकाराम ब्रशनं पट्टा वडायचा, त्येच्या कडेला केसांच्या रेघा उठायच्या. ह्या पट्ट्याला रेघा नव्हत्या. ह्यो बोटांनी वडलेला. माझ्या पाखऱ्याच्या मानेवर हाय तसाच.

घरी गेले तर पाखऱ्यानं मान वळवून बघितलं. डोळं चांगलं हुतं, खात हुता. आजच्याला चांगला हुता. उद्याचं काय?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सांगितलं, "बहिनीकडं जाऊन येते," आनि रहिमतपूरला गाडीत बसले. डाक्टरांचा मळा माधवनगरला, सांगलीच्या अलीकडं; तितं उतरले. गिरनीचा भोंगा झालेला, मानसांचा लोंढा सुटलेला, त्येंना इचारत इचारत डाक्टरांच्या वडलांच्या मळ्यात पोचले. मनात सगळं पक्कं ठरलेलं. डाक्टरांना कोपऱ्यात घ्यायचं, हळूच सांगायचं, आनि त्या रोगाच्या सुईचं थोडं बाटलीत घालून न्यायचं. टोचायचं मी सोताच बघीन, गोधडी शिवते मी, सुई काय मला नवी हाय? गावाला कळायची गरजच काय?

मळ्याच्या दारात एक म्हातारं गृहस्थ उभं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, अंगावर उपरनं. डाक्टरांचं वडील, रामगोंडा. मी 'डाक्टर हाईत का' म्हनायला तोंड उघडलं, तर त्येंनी आधीच दोनी हात जोडलं, मान खाली घातली आनि म्हनालं, "ये अव्वा. माझ्याकडनं कळत-नकळत तुझं काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा कर."

अव्वा म्हंजी त्येंच्यात आई. मी हबकलेच. म्हटलं, "आवं बाबा, आजवर मी तुमाला बघितलंबी न्हाई. तुमचं काय चुकतंय?"

म्हातारं हसलं. "आमच्यात आज क्षमेचा दिवस. पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी ज्याची गाठ पडेल त्याची क्षमा मागायची. घरच्यांची, शेजाऱ्यांची, वैऱ्याची बी. सकाळी गोठ्यातल्या म्हशींची मागून आलो. आमच्या धन्यकुमारच्या औषधापायी ज्या शेळ्या जातात त्यांची मागितली. मला ते काम अजून पटत नाही अव्वा, पण गोठ्यातल्या म्हशी त्याच्यामुळंच उभ्या आहेत, मग काय करू? हात जोडतो."

आनि मी, जिनं जन्मात कुनाची माफी मागितली न्हाई, तितं दारातच बसले आनि रडाय लागले. भोकाड पसरलं म्हना ना. आतनं डाक्टर पळत आलं, त्येंची आई राजमतीबाई पान्याचा तांब्या घिऊन आल्या. कोपऱ्यात घ्यायचं कुठलं आलंय, सगळ्या घराम्होरं मी सगळं ओकले. नीळ, पट्टा, बाज्या, ज्ञानूची कालवड, सगळं.

डाक्टरांनी कपाळाला हात लावला. पन वरडलं न्हाईत. माझ्याम्होरं जमिनीवर मांडी घालून बसलं. म्हनालं, "बाई, तुमच्या गावात तालीम आहे ना?"

"हाय की. आमच्या दिराची गदा हाय तितं."

"नवा पोरगा आखाड्यात उतरला आणि समोर मोठा पैलवान उभा केला तर?"

"हाडं मोडंल त्येची."

"मग वस्ताद काय करतो? स्वतः मध्ये राहतो. पैलवानाचे हात धरून ठेवतो आणि पोराला म्हणतो, आता कर डाव. पोरगा खरी झटापट करतो, पण हाड मोडत नाही. असा तो शिकतो. पुढं वस्ताद नसला तरी तो गडी एकटा खेळतो. बरोबर?"

"बरोबर."

"पहिल्या सुईतलं पाणी म्हणजे वस्ताद. दुसऱ्या बैलाच्या अंगातून आलेला. रोगाला धरून ठेवतो. पण तो पाहुणा असतो, पंधरा-वीस दिवसांत निघून जातो. तेवढ्यात बैलाच्या रक्तानं स्वतः डाव शिकायला हवा. आणि समोर पैलवान आलाच नाही तर शिकणार कोणाशी? तुम्ही पाखऱ्याला वस्ताद दिलात आणि कुस्ती काढून घेतलीत. बाज्या मात्र शिकला. त्याला आता गावातल्या सगळ्या आजारी जनावरांत नेऊन बांधा, काही होणार नाही."

म्हंजी बघा! ज्येला मर म्हटलं त्यो जगला, आनि ज्येला जिवापाड जपलं त्येला मीच उघड्यावर सोडला. म्हटलं, "मंग द्या की ती रोगाची सुई. बाटलीत घालून द्या. आत्ता नेते."

"नुसती रोगाची दिली तर आता वस्ताद नाही तिथं. मरेल तो. दोन्ही पुन्हा एकदम द्यायला हव्यात." मंग डाक्टर थांबलं आनि म्हनालं, "आणि बाई, नीळ तुम्ही एकट्याच कालवली होती का?"

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. रंगूबाईचं धुनं. ज्ञानूच्या बायकोचं धुनं. त्या दिवशी आळीत कुनाच्याच दोरीवर एक धोतर वाळत नव्हतं!

"मी तुमच्याबरोबर येतो," डाक्टर म्हनालं, "पण कोणत्या जनावराला दुसरी सुई लागली आणि कोणत्याला नाही, हे मी मानेकडं बघून सांगू शकत नाही. ते लोकांनीच सांगायला हवं. आणि मी विचारलं तर कोणी सांगणार नाही."

म्हंजी कुनी इचारायचं? मीच. चावडीत, सगळ्या गावाम्होरं, मी येडी ठरले असं सांगायचं. ज्या बाईनं आजवर गावातल्या एकूनएक मानसाला एकदा तरी येड्यात काढलंय, तिनं! मी म्हटलं, "त्यापरीस बैल मेला तर चालंल." आनि म्हटल्याबरोबर माझं मलाच वाईट वाटलं, कारन ते खोटं हुतं. निघताना म्हाताऱ्यांनी परत हात जोडलं. "अव्वा, जड काय नसतं गं त्यात. पहिली दोन माणसं जड जातात, मग हात आपले आपण जोडले जातात."

डाक्टरांनी सांगलीच्या दवाखान्यातनं बाटल्या मागून घेतल्या, बर्फ आनि लाकडाच्या भुशात पेटीत बसवल्या, आनि दुसऱ्या दिवशी आमी गाडीनं निघालो. ती पेटी मी सोता मांडीवर धरलेली. शेजारची बाई म्हनाली, "पेढं हाईत का?" म्हटलं, "बुळकांडी हाय." ती उठून पलीकडं जाऊन बसली.

गावात शिरलो तर चावडी भरलेली. लालासाहेब पाटील अर्जावर अंगठं घेत हुतं. डाक्टरांना बघितल्यावर एकच कालवा उठला. "आला बगा! कुठल्या तोंडानं आला?" ज्ञानू तर अंगावरच धावला. मी मधी शिरले. म्हटलं, "ए, गप बसा समदी! त्येंना काय बोलू नका. बोलायचं तर मला बोला."

गप झाली. मी बोलले की गाव गप बसायचा, सवय हुती त्येंना. मंग मी त्या म्हाताऱ्यांनी केलं तसं केलं. दोनी हात जोडलं, मान खाली घातली. गावानं मला असं कवा बघितलं नव्हतं. कुनी तरी मागनं म्हनालं, "अंजनाला काय झालं गं?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. "पाखऱ्याला रोगाची सुई दिलीच न्हाई म्या. घरी नेऊन निळीचा पट्टा वडला. डाक्टरांना फसवलं, तुमाला फसवलं. त्यो बैल आता उघडा हाय, आनि चूक माझी हाय. डाक्टरांची न्हाई. मला माफी द्या."

मी मान वर केली न्हाई. मनात म्हटलं, आता हसतील. हसा लेकांनो, आज तुमचा दिवस हाय.

कुनी हसलं न्हाई. बायकांच्या घोळक्यातनं रंगूबाई उठली. "माझ्या गाईला बी म्या वडला पट्टा. तुझीच नीळ हुती." तिच्यामागनं दुसरी उठली. मंग तिसरी. मंग पुरुष मंडळीतनं गुंडा नावाचा गडी उठला, खोंडाला वडला म्हनाला. डाक्टरांनी खिशातनं कागद काढला आनि नावं टिपून घ्यायला लागलं. मंग ज्ञानू उभा राहिला. "कालवडीला… बायकोनं न्हाई, म्याच… मला वाटलं सुईनं तिचं कायतरी हुईल," एवढंच म्हनाला आनि रडाय लागला. त्येला आकारामनं पोटाशी धरला.

डाक्टर म्हनालं, "बारा झाली. आणखी कोणी?"

तवा लालासाहेब पाटील खाकरलं. पागोटं सारखं केलं, अर्जाची घडी घातली. "तेरा लिवा," म्हनालं. "आमची कपिला. आता सभा उटली, चला जनावरं आना."

मंग मात्र असा हशा पिकला! पाटील सोताबी हसलं. तो अर्ज त्येंनी ज्ञानूला नाक पुसायला दिला.

जनावरं आनली. पाखऱ्या पहिला. मी त्येची वेसन धरली, डोकं छातीशी घेतलं. डाक्टरांनी दोन पिचकाऱ्या भरल्या, एक पानी असलेली, एक लालसर. म्हटलं, "आवं, दोनी माझ्या देखत द्या. आनि ती लाल पूर्न द्या, थेंब ठेवू नका." डाक्टर हसलं. दोनी सुया झाल्यावर त्येंनी जनावराच्या तापाची काचेची नळी काढली, पाखऱ्याच्या शेपटीखाली घातली. आमच्या बैलाला ती गोष्ट अजिबात आवडली न्हाई. "एकशे एक," डाक्टर म्हनालं. "बैलाचा नेहमीचा. आता नीट ऐका बाई. आजार गावात फिरतोय, त्यामुळं तो याच्या अंगात आधीच शिरला असेल की नाही, मला ठाऊक नाही. उद्या-परवा ताप आला तर तो गावातला, आपण उशीर केला. चौथ्या-पाचव्या दिवशी आला तर तो आपल्या सुईचा. तो यायलाच हवा. आला की समजायचं, पाखऱ्या शिकतोय."

ह्या खेपेला मी एकूनएक शब्द ऐकला. तीनदा म्हनून घेतला.

डाक्टर शाळेतच मुक्कामाला राहिलं. रोज सकाळ-संध्याकाळ नळी घिऊन फिरायचं. पहिला दिवस, एकशे एक. दुसरा दिवस, एकशे एक. मी गोठ्यातच भाकरी खायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पाखऱ्याच्या कानाला हात लावला तर कान असा गरम की माझा जीवच गेला. शाळेपर्यंत अनवानी पळाले. डाक्टर जेवत हुतं, उष्ट्या हातानं पळत आलं. तर मीच येडी, बैल उन्हात बांधलेला! डाक्टर म्हनालं, "बाई, त्याला सावलीत घ्या आणि तुम्हीही थोडं सावलीत बसा."

तिसरा दिवस गेला. गावातला ताप न्हाई आला. सासूबाईंनी मारुतीला नारळ फोडला. मी म्हटलं, "आत्ती, अजून थांबा. आता यायला पायजे."

चौथा दिवस. सकाळीच रंगूबाई आळीतनं वरडत आली, "माझ्या गाईला ताप आला! एकशे तीन!" मंग गुंडाच्या खोंडाला. दुपारी पाटलाच्या कपिलेला. सगळी एकमेकांच्या घरी जाऊन ताप सांगत हुती, जनू लग्न ठरलंय. आनि माझा पाखऱ्या? खातोय, पितोय, मान वळवून बघतोय. एकशे एक! मला रंगूबाईचा असा राग आला म्हनता! माझ्या दारात उभी राहून म्हनती कशी, "तुझ्याला अजून न्हाई व्हय? यील गं, यील." मी दार आपटलं.

डाक्टर म्हनालं, "एखाद्याला कळण्याइतका येत नाही. तरी तो शिकतो."

"न्हाई," म्हटलं, "ते मला सांगू नका. मला ताप पायजे." पाखऱ्याच्या गळ्यात हात घालून बसले. म्हटलं, "ये रं बाबा, ताप ये. माझ्या चुकीचं तू कशाला फेडतोस? तुला दूध पाजून ज्येनं वाढवला, त्येला मी काय सांगू? एकदा ताप येऊ दे. हवं तर माझ्या अंगातला घे." बाज्या कडबा खाता खाता माझ्याकडं बघत हुता. त्येला म्हटलं, "तुझंबी चुकलंय माझ्याकडनं. माफी दे." त्येनं शिंग हालवलं.

पाचव्या दिवशी सकाळी पाखऱ्यानं वैरनीला तोंड लावलं न्हाई. डोळं जड. मी कानाला हात लावला न्हाई, मुद्दामच. डाक्टरांना बोलवून आनलं. त्येंनी नळी घातली, काढली, उजेडात धरली, चष्मा वर केला. मी त्येंच्या तोंडाकडं बघत हुते.

"एकशे चार," डाक्टर म्हनालं, आनि त्येंचं तोंड असं फुललं की मला दुसरं काय इचारायची गरजच उरली न्हाई. "आला बाई, आला. आपलाच आहे. पाच-सहा दिवसांत उतरेल. आणि मग हा बैल बुळकांडीनं मरत नाही, मी लिहून देतो."

मी बैलाच्या मानेत तोंड खुपसलं आनि पोटभर रडले. मंग डोळं पुसलं, पदर खोचला, आनि तशीच भाईर पळत सुटले. रंगूबाई अंगनात सडा टाकत हुती. तिच्या फाटकातनंच वरडले, "ए रंगे! एकशे चार हाय माझ्या पाखऱ्याला! तुझ्या गाईला कितीऽ? तीनच ना?"